कामाच्या बुटाची निगा आणि नवा सोल

बूट उलटा करा आणि सोलची कड डोळ्यांजवळ धरून बघा. वरचं चामडं सोलला जिथे भिडतं तिथे ५-६ मिलिमीटर रुंदीची पट्टी बुटाभोवती फिरलेली असेल आणि तिच्यावर टाक्यांची रांग असेल, तर तो वेल्टचा बूट. वरचं चामडं आणि आतला तळ या पट्टीला एका शिवणीने धरलेले असतात, आणि सोल त्याच पट्टीला दुसऱ्या, वेगळ्या शिवणीने. म्हणून झिजलेला सोल उसवून काढला तरी बूट सुटत नाही. नवा सोल शिवला की बूट पुन्हा कामाला तयार.

अशा बुटाचं आयुष्य सोलवर नाही, या पट्टीवर ठरतं. बहुतेक चांगले बूट फुकट जातात ते एकाच चुकीने: सोल पार संपेपर्यंत घालायचे आणि मग मोच्याकडे न्यायचे. तोवर जमिनीने पट्टीचे टाके घासून टाकलेले असतात, कधी पट्टीच अर्धी झालेली असते. मग नवा सोल शिवायचा तरी कशावर? सोल बदलायची वेळ ही सोल संपायच्या आधीची असते, आणि ती ओळखता येते. त्याबद्दल पुढे सविस्तर आहे. आधी आपल्या पायात कोणत्या जातीचा बूट आहे ते बघू.

सोल कसा बसवलाय ते आधी ओळखा

आतलं सुटं गादीपान (सॉक) काढा आणि बुटात बोटं घाला. आतल्या तळावर कडेने टाक्यांची रांग लागली, तर सोल आतून आरपार शिवलेला आहे. यात पट्टी नसते. सोल बदलता येतो, पण त्यासाठी आतून शिवणारं मशीन लागतं, आणि टाक्यांच्या भोकांतून पाणी आत येतंच. आत टाके नाहीत आणि बाहेर पट्टीही नाही, तर सोल नुसता चिकटवलेला आहे किंवा ओतलेला आहे.

नकली पट्टीला फसू नका. रबराच्या सोलवरच शिवणीची नक्षी उठवलेली असते, किंवा शोभेपुरती शिवलेली पट्टी वरून चिकटवलेली असते. नखाने पट्टी उचलून बघा. खरी पट्टी वरच्या चामड्याच्या बाजूला आत घुसलेली असते, ती सुटी हलत नाही. खालचा रबरी सोल चिकटवलेला असेल तर टाके तळाला दिसणार नाहीत, म्हणून पट्टी आणि रबर यांच्यामधल्या थराची कडही तपासा. तिथे चामड्याचा किंवा रबराचा मधला सोल दिसला, तर टाके त्याच्यापर्यंत गेलेले असतात.

पट्टीला सोल शिवण्याच्या या पद्धतीला ‘गुडइयर वेल्ट’ म्हणतात. टायरच्या कंपनीशी तिचा संबंध नाही. रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची रीत शोधणाऱ्या चार्ल्स गुडइयर यांच्या मुलाचं नाव या शिलाई मशीनला लागलं. टायरची कंपनी पुढे १८९८ मध्ये निघाली आणि तिने वडिलांचं नाव घेतलं.

आता पीयूच्या, म्हणजे पॉलियुरेथिनच्या सोलच्या बुटांचं. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांत पायात दिसणारे बहुतेक सेफ्टी बूट असे असतात: वरचं चामडं साच्यात धरून खाली पॉलियुरेथिनचा फेस थेट ओतलेला. हलके, मऊ, तेलाला टिकणारे. पण यांना उसवायला शिवणच नसते. शिवाय हवेतल्या दमटपणाने पीयू आतून तुटत जातो, बूट वापरला नाही तरीही. माळ्यावर चार-पाच वर्षं ठेवलेला कोरा जोड पहिल्याच दिवशी सोलचा भुगा होऊन पडतो तो यामुळेच. सोलच्या बाजूला अंगठ्याचं नख दाबा. नखाचा व्रण भरून आला तर सोल जिवंत आहे. भेग पडली, चिकट लागलं किंवा पूड निघाली, तर त्याच्यावर एक पैसाही खर्च करू नका.

जिवंत पीयू तळाला घासला गेला असेल तर तो सपाट घासून खाली ४-५ मिलिमीटरचा रबरी पत्रा चिकटवता येतो. त्यासाठी पीयूचंच सोल्यूशन लागतं. मोच्याकडचं नेहमीचं पिवळं सोल्यूशन निओप्रीनचं असतं, ते पीयूला भरवशाने धरत नाही.

सेफ्टी बुटाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सेफ्टी बुटांच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १५२९८, भाग २) बोटांवरची टोपी २०० ज्यूलचा मार सोसते, म्हणजे साधारण २० किलोचं वजन १ मीटरवरून पडल्यासारखा. बुटावरची आयएसची खूण, घसरण रोखण्याची आणि विजेच्या बाबतीतली चाचणी, हे सगळं मूळ सोलसकट झालेलं असतं. बाहेर सोल बदलला की ती हमी उरत नाही. असा बूट शेतात, बांधावर, येण्याजाण्याला घाला, कारखान्याच्या आत नको. टोपीवर एकदा जबर मार बसला असेल तर वरून काही दिसो न दिसो, बूट बाद करा. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये तापलेल्या लोखंडाच्या खपल्यांवर पाय पडतो, तिथे पीयू चालतच नाही. तिथे नायट्राइल रबराचा, ३०० अंशांवर १ मिनिट टिकण्याची चाचणी झालेला सोल लागतो.

काळी माती, सिमेंट आणि पाणी

मराठवाड्यात बुटाचा खरा वैरी म्हणजे काळी माती. ओली असताना ती थरावर थर चढवत जाते, पाऊल जड होतं. ते सगळ्यांना दिसतं. नुकसान करते ती वाळताना. ही चिकणमाती फुगते आणि आक्रसते, आणि आक्रसताना चामड्यातला ओलावा आणि तेल ओढून घेते, मुलतानी माती तेलाचा डाग ओढते तशी. त्यात आपली माती चुनखडीची, म्हणजे अल्कधर्मी. चामडं स्वभावाने आम्लधर्मी असतं. रोजचा चिखल तसाच वाळू दिला की पट्टीच्या खाचेतलं चामडं आधी पांढरट पडतं, मग कडक, मग टाक्यांपाशी तडकतं. बरोबर त्याच जागी, जिथे सोलची शिवण आहे.

म्हणून चिखल बुटावर पूर्ण वाळू द्यायचा नाही आणि ओला असताना फासतही बसायचं नाही. घरी आल्यावर जाड थर बांबूच्या कामटीने काढा, सुरीने नको. राहिलेला पातळ थर अर्धवट सुकला की सहज निघतो. मग टोकदार कामटीने पट्टीची खाच आणि जिभेच्या बाजूच्या घड्या मोकळ्या करा आणि ओल्या फडक्याने पुसा. याला जोडामागे ५ मिनिटं लागतात. बाकी काही केलं नाही तरी हे करा.

महिन्यातून एकदा नाडी काढून नीट धुवा: अर्धा लिटर कोमट पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूचे ४-५ थेंब, मऊ ब्रश, आणि शेवटी स्वच्छ ओल्या फडक्याने २ वेळा पुसणं. कपड्याचा साबण, सोडा, भांड्याची पावडर वापरू नका, हे सगळं अल्कधर्मी आहे. तेलकट डाग काढायला पेट्रोल किंवा डिझेलही नको. ते चामड्यातलं तेल नेतं आणि सोलचं चिकट ढिलं करतं.

बांधकामावरच्या बुटांचं दुखणं वेगळं. ओल्या सिमेंटचा पीएच १२-१३ असतो, ते चामडं अक्षरशः भाजून काढतं. सिमेंट लागलं की त्याच दिवशी भरपूर पाण्याने धुवा. मग १ भाग व्हिनेगर आणि ४ भाग पाणी एकत्र करून फडक्याने पुसा, ५ मिनिटांनी पुन्हा साध्या पाण्याने. वाळल्यावर तेल लावा. सिमेंट सुकून बसलं तर चामडं लाकडासारखं होतं आणि मग कोणतंही तेल त्याला मऊ करत नाही.

फवारणीला चामड्याचे बूट घालू नका. चामडं औषध शोषून घेतं, ते धुऊन निघत नाही, आणि पुढे कितीतरी दिवस घामाबरोबर ते पायाच्या कातडीला लागत राहतं. फवारणीसाठी रबराचे गमबूट वेगळे ठेवा. कीटकनाशक सांडून भिजलेला चामडी बूट फेकूनच द्यावा.

ओला बूट वाळवताना घाई करायची नाही. चामडं म्हणजे प्रथिनांचे तंतू, आणि ते ओले असताना तापले की आखडतात. कच्चं ओलं कातडं ६० ते ६५ अंशांच्या आसपास आक्रसतं. बाभळीच्या किंवा तरवडाच्या सालीत कमावलेलं त्याहून थोडं जास्त सोसतं, क्रोममध्ये कमावलेलं बरंच जास्त. वेल्टच्या बुटाचा आतला तळ बहुधा सालीत कमावलेला असतो. त्यामुळे चुलीजवळ ठेवलेला बूट बाहेरून ठीक दिसला तरी आतला तळ वाकडा होऊन तडकलेला असतो. चूल, हीटर, बॉयलरची भिंत, मे महिन्यातलं पत्र्याचं छप्पर, उन्हात उभ्या गाडीची डिकी, या सगळ्या जागा टाळा. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने एकदा बदला, मग दर ३-४ तासांनी. बूट आडवा ठेवा, म्हणजे सोललाही हवा लागेल. सावलीत, पंख्याखाली पूर्ण वाळायला १ ते २ दिवस लागतात. म्हणून रोजच्या कामाला २ जोड असावेत, आलटून पालटून. एकाच जोडाला रोज घालून जितके दिवस काढता, त्याच्या दुपटीहून जास्त दिवस दोन जोड मिळून चालतात, कारण मधल्या दिवसात घामाचा ओलावा निघून जातो.

तेल: कोणतं, किती, कधी

आधी पाण्याचा थेंब टाका. अर्ध्या-एक मिनिटात थेंब मुरून तिथे गडद डाग पडला, तर चामड्याला तेल हवं आहे. थेंब तसाच उभा राहिला, तर एकतर तेल पुरेसं आहे किंवा चामड्यावर रंगाचा कडक लेप आहे. लेपाच्या चामड्यात तेल मुरत नाही, वर चिकट राहतं आणि धूळ धरतं. त्याला नुसतं पॉलिश क्रीम पुरे. आणि मखमली पोताच्या, म्हणजे स्वेड किंवा न्यूबकच्या बुटाला तेल लावलंत तर त्याचं पोत कायमचं गेलं असं समजा.

आपल्याकडे घरात असेल ते तेल लावायची सवय आहे. करडईचं तेल लावू नका. ते हवेने हळूहळू सुकणारं तेल आहे. आधी चिकट थर होतो, मग तो कडक बनतो आणि घडीवर फुटतो. खोबरेल मुरतं झटपट, पण चामडं फार मऊ पाडतं आणि थंडीत गोठतं. वहाणांना एरंडेल लावायची जुनी रीत मात्र पक्की आहे: एरंडेल सुकत नाही, घट्ट असल्याने वाहून जात नाही. बुटाला ते थोडंच लावायचं. इंजिन ऑईल आणि ग्रीस कधीही नको, त्यांनी नैसर्गिक रबर फुगतं आणि सोलची पकड सुटते.

पावसाळ्याआधी लावायचा लेप घरी करता येतो. मधमाशांचं मेण २५ ग्रॅम, एरंडेल ७५ ग्रॅम. पातेल्यात पाणी तापवा, त्यात दुसरं भांडं ठेवून मेण वितळवा. ते ६२ ते ६४ अंशांना वितळतं, म्हणून थेट आचेवर ठेवायची गरजच नाही, आणि ठेवूही नये, पेट घेतं. वितळलं की एरंडेल घालून ढवळा, डबीत ओतून गार होऊ द्या. एका जोडाला एका वेळी साधारण १० ग्रॅम पुरतं. आधी जिभेच्या आतल्या बाजूला लावून रंग किती गडद होतो ते बघा.

लावताना बूट स्वच्छ आणि पूर्ण कोरडा हवा. बोटाने किंवा सुती फडक्याने पातळ थर द्या. पट्टीची खाच, टाके, जिभेच्या बाजू आणि पुढची घडी, या ४ जागांना जास्त वेळ द्या. रात्रभर ठेवा, सकाळी जादा पुसून ब्रश मारा. नुसतं तेल लावायचं तर बुटामागे चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर. याहून जास्त तेल पाझरत सोलच्या जोडापर्यंत जातं आणि तिथलं चिकट कुजवतं. ‘बूट तेलात बुडवून ठेवला’ असं कोणी अभिमानाने सांगतं, त्याच्या बुटाचा सोल पुढच्या हंगामात उघडतो.

वेळ लक्षात ठेवायला सोपी आहे. मृगाच्या आधी मेणाचा लेप. पोळ्याच्या सुमाराला एकदा बूट बाहेर काढून बुरशी तपासा. दिवाळीनंतर कोरडी हवा सुरू झाली की हलकं तेल. एप्रिल-मे मध्ये दुपारची हवा इतकी कोरडी असते की तेव्हा आणखी एक पातळ हात द्यावा लागतो. बुरशी आलीच तर ब्रशने घराबाहेर झाडा, सम प्रमाणात पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, आणि सावलीत वाळवा. बूट प्लास्टिकच्या पिशवीत कधी ठेवू नका. कापडी पिशवी घ्या, आणि आत जुन्या सुती कापडाची घट्ट गुंडाळी घाला, म्हणजे आकार राहतो.

सोल बदलायची वेळ

टाचेपासून सुरू करा. टाचेच्या सर्वांत खालच्या रबराची जाडी ६ मिलिमीटरच्या आसपास असते. बाहेरचा कोपरा घासून वरच्या थराला लागायच्या आत ते रबर बदलायचं. हे स्वस्त काम आहे आणि अर्ध्या तासात होतं. उशीर केला तर टाचेचा अख्खा ठोकळा तिरका होतो, चाल बिघडते, आणि चामड्याची मागची भिंतही एका बाजूला कलते.

पुढच्या भागात चवड्याखाली अंगठ्याने दाबून बघा. दोन्ही बुटांना एकाच जागी दाबा. एक जास्त आत जात असेल तर तिथला सोल पातळ झाला आहे. रबराच्या गुट्ट्या, म्हणजे तळावरचे उंचवटे, सपाट झाल्या, चवड्याच्या मध्यभागी गुळगुळीत लांबट डाग पडला, किंवा टोकाशी मधला सोल दिसू लागला, की वेळ झाली. टाके दिसू लागले म्हणजे उशीर व्हायला लागला. पट्टी घासली म्हणजे उशीर झालाच, आता पट्टीसकट बदलावं लागेल, आणि ते काम मोजकेच कारागीर करतात.

हंगाम निवडता येत असेल तर हे काम मार्च ते मे मध्ये करून घ्या. पावसाच्या दमट हवेत सोल्यूशनवर पाण्याचा अदृश्य थर बसतो आणि जोड धरत नाही.

सामान

एका जोडाला लागतं ते असं. मधल्या सोलसाठी सालीत कमावलेलं ३.५ ते ४ मिलिमीटर जाडीचं चामडं, ३२ गुणिले १२ सेंटिमीटरचे २ तुकडे. खाली लावायला रबराचा सोल. भरणासाठी ३ मिलिमीटरचा कॉर्कचा पत्रा. मेण लावलेला १ मिलिमीटरचा पॉलिस्टर दोरा, १० मीटर. निओप्रीनचं सोल्यूशन २५० मिलिलिटर. टाचेचे ठोकळे, रबर आणि चुका (बारीक खिळे). हत्यारं म्हणजे रापी (चामडं कापायची सुरी), आरी (भोक पाडायचा टोच्या), २ बोथट सुया, पक्कड, हातोडी, ऐरण आणि ४०, १२०, २२० नंबरचा पॉलिश पेपर.

सोलची नक्षी निवडताना आपली जमीन बघा. खोल आणि दाट गुट्ट्यांमध्ये काळी माती घट्ट बसते आणि सोल गुळगुळीत होऊन जातो. शेतासाठी ४-५ मिलिमीटर उंचीच्या, रुंद अंतरावरच्या गुट्ट्या घ्या, त्या माती सोडतात. कारखान्याच्या फरशीला सपाट तळ बरा. गाडीच्या टायरचं रबर झिजत नाही हे खरं, टाचेखाली ते उत्तम. पण चवड्याखाली लावू नका. ते वळत नाही, आतल्या नायलॉनच्या दोऱ्यांमुळे नीट चिकटत नाही, आणि दर पावलाला पट्टीवर ओढ देतं.

काम

बूट धुऊन २ दिवस वाळवलेला असावा. टाच आधी काढा: ठोकळा आणि बूट यांच्या फटीत चपटा पेचकस घालून सगळीकडून थोडं थोडं उचला, एका बाजूने उपटू नका. मग टोकाशी सोल आणि पट्टीमध्ये रापीचं पातं घाला. पात्याची धार कायम सोलच्या बाजूला कललेली हवी. एक टाका कापला की पुढचा सहज दिसतो. चिकट फार घट्ट असेल तर हीट गनने ६०-७० अंशांपर्यंत, म्हणजे हाताला चटका बसण्याच्या सुमाराला, गरम करा. टोकाकडून टाचेकडे सोल उलटा ओढत आणा. घाईत पट्टीला खाच पडली तर तिथे नवे टाके धरणार नाहीत, म्हणून या कामाला पूर्ण अर्धा तास द्या.

सोल निघाल्यावर आत काळं पडलेलं कॉर्क दिसेल. भुगा झालेलं, दबलेलं सगळं खरवडून काढा. खाली आतला तळ आणि पट्टी यांची शिवण उघडी पडते. प्रत्येक टाका बोटाने चाचपा. इथे १-२ टाके सुटले असतील तर आत्ताच हाताने शिवून घ्या, नंतर हात पोचणार नाही. मध्यभागी पायाच्या कमानीखाली १० सेंटिमीटरची पोलादी पट्टी असते. ती गंजली किंवा वाकली असेल तर बदला, नाहीतर चालताना करकर वाजते आणि एक दिवस तुटून आतला तळ फाडते. जुन्या दोऱ्याचे तुकडे पकडीने उपटून पट्टीची सगळी भोकं मोकळी करा.

कॉर्क कापून पोकळीत चिकटवा आणि पट्टीच्या पातळीला घासा. उंच राहिलं तर पायाखाली गोळा टोचतो, खोल राहिलं तर तिथे सोल खचतो. वेल्टच्या पट्टीवर आडवी फूटपट्टी ठेवून बघा, खालून प्रकाश दिसता कामा नये.

आता चिकटवणं. पट्टीचा खालचा भाग आणि चामड्याच्या मधल्या सोलची मऊ बाजू ४० नंबरने तंतू उठेपर्यंत खरवडा, झाडा, सोल्यूशनचा पातळ हात द्या. चामडं पहिला हात पिऊन टाकतं. १५-२० मिनिटांनी दुसरा हात. बोटाची पाठ लावली तर चिकटायचं नाही पण ओढ जाणवेल, इतकं सुकू द्या, साधारण १० मिनिटं. मे महिन्यात दुपारी हे ४-५ मिनिटांतच होतं आणि वर साय धरते, म्हणून काम सकाळी करा. मग टोकाची मध्यरेषा जुळवून तिथून मागे बसवत या. एकदा लागलं की हलत नाही. मधून कडेकडे हातोडी मारा. खिडकी-दारं उघडी ठेवा, जवळ विस्तव नको. या सोल्यूशनच्या वाफा डोक्याला चढतात आणि पेट घेतात.

मधला सोल पट्टीच्या कडेबरोबर रापीने छाटून घ्या आणि शिवायला बसा. इथे एक नियम मोडू नका: आरी पट्टीच्या जुन्याच भोकातून घालायची. मशीनने किंवा घाईने नवी भोकं पाडली तर पट्टीची पोस्टाच्या तिकिटासारखी जाळी होते आणि एक दिवस ती त्याच रेषेत फाटते. आरी उभी सरळ धरा, म्हणजे खालची रांग वाकडी होत नाही. खाली १ मिलिमीटर खोल चर पाडली तर टाके तिच्यात दबतात.

दोन सुयांची शिवण घाला: एक सुई वरून, दुसरी खालून, त्याच भोकातून. टाका ४ मिलिमीटरचा आणि जाडी ८ मिलिमीटरच्या आसपास धरली, तर शिवणीच्या लांबीच्या सहापट दोरा लागतो. टाचेपासून टाचेपर्यंत शिवण साधारण ६० सेंटिमीटर, म्हणजे बुटाला साडेतीन-पावणेचार मीटर, आणि टोकांना हातात धरायला अर्धा मीटर. मध्येच दोरा संपला तर तिथे जोड कच्चा राहतो, म्हणून सुरुवातीलाच पुरेसा कापा. दोन्ही हातांची ओढ सारखी हवी. टाका बसला की थांबा. दोरा चामड्यात घुसेपर्यंत ओढला तर पट्टी कापली जाते. शेवटी ३ टाके उलटे घेऊन दोरा कापा.

मग रबरी सोल या मधल्या सोलला चिकटवा. हीच रचना चांगली: पुढच्या वेळी फक्त रबर सोलून बदलायचं, शिवणीला हात लागत नाही. रबराची चकाकी ४० नंबरने पूर्ण घालवा, थिनरने पुसा. टीपीआर (थर्मोप्लास्टिक रबर) नावाने विकला जाणारा सोल असेल तर त्याचा प्रायमर आधी लावावाच लागतो, नुसत्या खरवडण्याने भागत नाही. दोन्हीकडे दोन हात, सुकवणं, हीट गनने ६०-७० अंशांची ऊब, आणि दाब. टोकाला आणि टाचेला ३-४ चुका मारा. या खिळ्यांची लांबी एकूण जाडीपेक्षा २ मिलिमीटर कमी हवी. टाच बसवल्यावर आत थेट बोट घालू नका, जाड फडकं गुंडाळून चाचपा, खिळ्याचं टोक आत आलेलं असू शकतं.

कड रापीने छाटून ४०, १२०, २२० या क्रमाने घासा, रंग द्या, मेण चोळा. २४ तास बूट घालू नका. पहिले ३-४ दिवस रोज ३-४ तासच घाला.

जोड उघडला तर

सोल सुटला तर लगेच पुन्हा सोल्यूशन ओतू नका. आधी फट उघडून बघा, कारण तिथेच लिहिलेलं असतं. सगळं सोल्यूशन चामड्याकडे राहिलं आणि रबर स्वच्छ निघालं, तर रबर खरवडलं नव्हतं किंवा प्रायमर नव्हता. दोन्ही बाजूंना चकचकीत थर आहे, तर सोल्यूशन जास्त सुकलं होतं आणि ऊब दिली नव्हती. थर पांढुरका असेल तर दमट हवेत काम झालं. आणि चामड्याचे तंतू सोल्यूशनबरोबर उपटून आले असतील, तर सोल्यूशनने काम चोख केलं. चामडं तेलाने किंवा कुजण्याने कमजोर झालेलं आहे, तिथे खाली घट्ट थर लागेपर्यंत घासावं लागेल.

काम कारागिराकडून करून घेणार असाल तर बूट देताना ४ गोष्टी समोर बोलून घ्या: टाके जुन्या भोकातून, मधला सोल चामड्याचा, कॉर्क नवीन, आणि टोकाला बाहेरून आरपार शिवण नको. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची, कारण घाईत वरच्या चामड्यातूनच टाका घातला जातो. सोल धरतो, पण प्रत्येक भोक पाण्याचं दार होतं. आणलेल्या बुटाची कड खेळायच्या पत्त्याने तपासा: पत्ता कुठेही आत सरकता कामा नये. बूट चवड्यावर २० वेळा वाकवून पुन्हा तपासा.

जिभेच्या आतल्या बाजूला बॉलपेनने तारीख लिहून ठेवा. पुढचा सोल लागेपर्यंत टाचेचं रबर बहुधा एकदा-दोनदा बदलावं लागेल. तेवढ्या कामासाठी सोल कुणाला उघडू देऊ नका.